म्युरिएलच्या आईची बाजू

लग्न हा विषय आमच्या वसतिगृहात बारमाही आहे. दर शनिवारी कुणीतरी एक जण घाईघाईने बॅग भरून गावी जाते आणि सोमवारी परत आली की पोहे कुणी केले होते, मुलाने काय विचारले, मुलाच्या आत्याने काय विचारले, याची सविस्तर हकिगत मेसमध्ये होते. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात एका मैत्रिणीने लॅपटॉपवर ‘म्युरिएल्स वेडिंग’ नावाचा सिनेमा लावला, तेव्हा नुसत्या नावावर अकरा जणी जमल्या. सिनेमा ऑस्ट्रेलियाचा, १९९४ सालचा, प्रेमाचा आणि विनोदाचा, एवढीच माहिती आम्हांला होती. पहिला पाऊण तास आम्ही इतक्या हसलो, की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थापा पडल्या.

सिनेमा संपला तेव्हा मात्र खोलीत कुणी बोलेना. मैत्रिणी म्हणाल्या, ‘छान होता, पण मध्येच रडवतो.’ मला ते ‘पण’ अडले. आपली कुठेतरी फसवणूक झाली आहे, असे राहून राहून वाटू लागले. ती कुठे झाली, हे कळायला मला सिनेमा आणखी दोनदा पाहावा लागला. या लेखात मला त्याबद्दल तक्रार करायची आहे. ती सिनेमाविरुद्ध आहे, आणि थोडी आमच्या त्या पहिल्या पाऊण तासाविरुद्धही आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी कथा सांगणे भाग आहे. शेवटही सांगावा लागणार. त्याला इलाज नाही.

पॉर्पस स्पिट हे समुद्रकाठचे एक गाव. नकाशात ते सापडायचे नाही. लेखक-दिग्दर्शक पी. जे. होगन याने ते कल्पनेने वसवले आहे. चित्रण झाले ते क्वीन्सलँड आणि न्यू साऊथ वेल्स यांच्या सीमेवरच्या कूलंगट्टा आणि ट्वीड हेड्स या बाजूला. ऊन, वाळू, पर्यटक, मॉल आणि ‘आम्ही सुखात आहोत’ असे ओरडून सांगणारे रंग. या गावात म्युरिएल हेस्लप ही जाडजूड, वेंधळी, बेकार मुलगी राहते. तिला एकच ध्यास आहे : लग्न. कुणाशी, हा प्रश्न तिला फारसा पडलेला नाही. खोलीत बसून ती ॲबाची गाणी ऐकते आणि आपण नवरी झालो आहोत असे स्वप्न पाहते.

सिनेमा सुरू होतो तोच एका लग्नात. टानिया नावाच्या मैत्रिणीचे लग्न आहे. तिकडच्या रीतीप्रमाणे नवरी आपला पुष्पगुच्छ मागे फेकते. जिच्या हातात तो पडेल तिचे लग्न पुढचे. तो नेमका म्युरिएलच्या हातात पडतो. आणि मैत्रिणी तिला तो परत द्यायला लावतात! ‘तुझ्याशी कोण लग्न करणार? ज्या मुलीला उपयोग आहे तिला दे.’ असा एकूण भाव. त्याच समारंभात असेही उघड होते की म्युरिएलने अंगात घातलेला बिबट्याच्या ठिपक्यांचा झगा दुकानातून चोरलेला आहे. पोलीस तिला गाडीत घालून घरी आणतात. वडील, बिल हेस्लप, स्थानिक राजकारणातले प्रस्थ. ते पोलिसांना बिअर देऊन प्रकरण मिटवतात. आम्ही हसत होतो.

घरात ही भावंडे. कुणी टीव्हीपुढे पसरलेले, कुणी मागच्या अंगणात आपल्याच खेळाचे धावते समालोचन आपणच करणारा. वडील पाहुण्यांसमोर, हॉटेलात, सर्वांदेखत म्हणतात की माझी मुले कुचकामी आहेत. आणि आई आहे. आई, म्हणजे बेट्टी, मायक्रोवेव्हमध्ये चहाचे पाणी गरम करते. कुणी काही म्हटले की क्षणभर थांबून मग उत्तर देते, जणू शब्द लांबून यायचे आहेत. आम्ही हसत होतो.

ही आई मुलीला कोरा चेक सही करून देते. निमित्त असे की डीड्रा चेम्बर्स नावाच्या बाईने म्युरिएलला सौंदर्यप्रसाधने विकण्याच्या धंद्यात घेतले आहे. माल घ्यायला पैसे हवेत. म्युरिएल त्या चेकवर बारा हजार डॉलर काढते आणि ज्या मैत्रिणींनी तिला झिडकारले, त्यांच्याच मागे एका बेटावर सहलीला जाते. तिथे तिला गावातलीच जुनी ओळखीची रॉन्डा भेटते. रॉन्डा म्हणजे तोंडाची फटकळ, मनाची मोकळी, कुणाला न भिणारी मुलगी. दोघी मिळून पांढरे चकचकीत पोशाख करून ॲबाच्या ‘वॉटर्लू’ गाण्यावर रंगमंचावर नाचतात, आणि समोर प्रेक्षकांत टानियाची टोळी आपसांत मारामारी करते. एवढे निर्मळ सुख सिनेमात मी थोडे पाहिले आहे.

पुढचे भरभर सांगते. पैशांची चोरी उघड होताच म्युरिएल सिडनीला पळते, रॉन्डाबरोबर राहते, व्हिडिओच्या दुकानात नोकरी करते, नाव बदलून ‘मॅरिएल’ होते. रॉन्डाच्या मणक्यात गाठ निघते. शस्त्रक्रिया होतात आणि ती कायमची चाकाच्या खुर्चीत बसते. म्युरिएल मात्र चोरून लग्नाच्या पोशाखांच्या दुकानांत जाऊन नवरीचे झगे अंगावर चढवून फोटो काढून घेत असते. शेवटी तिला नवरा मिळतो : दक्षिण आफ्रिकेचा एक देखणा जलतरणपटू. त्याला ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियातर्फे पोहायचे आहे, त्यासाठी नागरिकत्व हवे, नागरिकत्वासाठी बायको हवी. बायकोची किंमत दहा हजार डॉलर. कागदी लग्न थाटात होते. रॉन्डाला आईबरोबर गावी परतावे लागते. मग म्युरिएलची आई मरते. त्यानंतर म्युरिएलचे डोळे उघडतात. ती नवऱ्याला सोडते, वडिलांना चोरीच्या पैशांपैकी पाच हजार परत करते, रॉन्डाला घेऊन टॅक्सीत बसते, आणि दोघी खिडकीतून ओरडत गावाचा निरोप घेतात. समाप्त.

सिनेमा संपल्यावर खोलीत पहिले मत आले ते असे : ‘बघा, तिकडेही हेच! मुलगी म्हणजे लग्न.’ हे मत ऐकायला बरे वाटते, पण ते चूक आहे, असे मी तेव्हाही म्हटले. म्युरिएलला लग्न कर असे घरात कुणीही म्हणत नाही. वडिलांना तिच्या लग्नाची काडीइतकी चिंता नाही. त्यांची तक्रार ती टायपिंगसुद्धा शिकली नाही ही आहे. आमच्याकडे लग्न मुलीच्या मागे लागते. म्युरिएल लग्नाच्या मागे लागली आहे. आमच्या खोलीतली जी शनिवारी गावी जाते, तिला निदान एवढे तरी ठाऊक असते की हा रेटा बाहेरचा आहे. त्यावर चिडता येते, घरी भांडता येते, गाडी चुकवता येते. म्युरिएल कुणाशी भांडणार? तिच्या लेखी लग्न म्हणजे प्रमाणपत्र. ते हातात आले की आपण ती जुनी, कुचकामी म्युरिएल उरणार नाही, दुसरीच कुणी होऊ, असा तिचा हिशेब आहे. रॉन्डा तिला दुकानात नवरीच्या वेषात पकडते तेव्हा ती रडत हेच सांगते. तो प्रसंग मला संपूर्ण सिनेमात सर्वांत खरा वाटला. आरशापुढे उभी राहिलेली ती मुलगी नवरदेव शोधतच नाही. ती आरशात दुसरे माणूस शोधते आहे.

टोनी कॉलेट हिने हे काम केले तेव्हा ती अगदी विशीच्या सुरुवातीला होती, आणि भूमिकेसाठी तिने काही आठवड्यांत अठरा किलोंच्या आसपास वजन वाढवले होते. आपल्याकडे या गोष्टीचे कौतुक व्हायचे ते होतेच. मला कौतुक वाटते ते तिच्या हसण्याचे. ती तोंड भरून हसते, आणि डोळे मात्र समोरच्याकडे लावून असते : मी हसले ते बरोबर झाले ना? आमच्या वर्गात अशा हसणाऱ्या निदान चार मुली आहेत. मी त्यांतली एक होते.

ॲबाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण आमच्यापैकी बहुतेकींना ही गाणी म्हणजे केवळ पार्श्वसंगीत वाटले. ॲबा हा स्वीडनमधला वाद्यवृंद. १९७४ साली ‘वॉटर्लू’ने तो युरोपात गाजला; पण त्याच्यावर वेड्यासारखे प्रेम केले ते ऑस्ट्रेलियाने. १९७६ मध्ये ‘फर्नांडो’ हे गाणे तिथे चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. १९७७ साली ते लोक दौऱ्यावर आले तेव्हा देशभर जत्रा लोटली. आणि १९८२ नंतर सारे थांबले. म्हणजे म्युरिएल ज्या काळात ही गाणी ऐकते त्या काळात ती शिळी झालेली आहेत. टानियाची टोळी तिला नावे ठेवते त्यात हेही एक कलम आहे. आपल्या लहानपणच्या गाण्यांना चिकटून बसलेली ही मुलगी पुढे सिडनीत रॉन्डाला सांगते की तुझ्याबरोबर राहायला लागल्यापासून मला ती गाणी ऐकावीशी वाटलीच नाहीत, कारण आता माझे आयुष्यच त्या गाण्यासारखे झाले आहे. कुणी कुणाला याहून मोठी प्रेमाची कबुली दिलेली मला तरी आठवत नाही.

आणि इथेच मी या सिनेमाच्या बाजूने उभी राहते. काही जणी म्हणाल्या, ‘याला प्रेमाचा विनोदी सिनेमा कसे म्हणायचे? प्रेम आहे कुठे?’ वास्तविक या जातीच्या सिनेमाचा साचा आता आपल्या सर्वांना पाठ आहे. दोघांची अचानक गाठ पडते. सुखाचे दिवस येतात. एक जण दुसऱ्यापासून काहीतरी लपवतो. ते उघड होते, ताटातूट होते. मग चूक करणारा धावत येतो, क्षमा मागतो, आणि दोघे एका वाहनात बसून निघून जातात. ‘म्युरिएल्स वेडिंग’मध्ये यांतली एकूण एक पायरी आहे, पण प्रत्येक पायरीवर म्युरिएलच्या समोर उभी आहे ती रॉन्डा. नवरदेव बिचारा पोहत राहतो. होगनने साचा मोडला नाही, साच्यात माणूस बदलले. आणि रेचल ग्रिफिथ्सने रॉन्डा अशी उभी केली, की अदलाबदल झाली हे आपल्या ध्यानातही येत नाही. त्या वर्षीच्या ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटच्या पारितोषिकांत उत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक या सिनेमाला मिळाले. कॉलेटला प्रमुख भूमिकेचे आणि ग्रिफिथ्सला सहायक भूमिकेचे मिळाले. योग्यच झाले. याच होगनने पुढे १९९७ साली हॉलिवूडमध्ये ‘माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग’ केला. त्यातही नायिकेला हवे ते लग्न हाती लागत नाही आणि शेवटी ती नाचते ती एका मित्राबरोबर. या गृहस्थांचा लग्नावर राग दिसतो. असो.

आता तक्रार.

सिनेमात एक विनोद वारंवार येतो. हेस्लप कुटुंब हॉटेलात जेवायला बसलेले असते आणि डीड्रा चेम्बर्स तिथे अवतरते. वडील मोठ्याने आश्चर्य व्यक्त करतात : अरे वा, डीड्रा! काय हा योगायोग! पहिल्यांदा आपण हसतो. दुसऱ्यांदा ओळखून अधिक हसतो. डीड्रा ही वडिलांची कोण, हे प्रेक्षकाला कळलेले आहे, आणि शेजारी बसलेल्या बायकोला कळलेले नाही, यावर हा विनोद उभा आहे. तिसऱ्या वेळी सिनेमा पाहताना मी डीड्राकडे पाहायचे नाही असे ठरवले आणि बेट्टीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. तिला सगळे कळते. माझी तरी तशी खात्री झाली. जीनी ड्रायनन या नटीने तो चेहरा कसा ठेवला आहे, पाहा : ती हसते, सरकून जागा देते, आणि नजर ताटाकडे नेते. कळूनही न कळल्यासारखे बसणे हे त्या बाईचे रोजचे काम आहे. ते काम ती नीट करते म्हणून तो विनोद चालतो, आणि विनोद चालतो म्हणून आम्ही हसतो. थोडक्यात, आम्ही बिल हेस्लपच्या टेबलावर बसून त्याच्या बाजूने हसत होतो.

तसेच तो मायक्रोवेव्हमधला चहा. त्यात हसण्यासारखे काय आहे? घरातल्या सर्वांना हवे-नको पाहून झाल्यावर स्वतःच्या चहाला भांडे कशाला घासा, असे माझ्या आईलाही वाटते. ती सकाळचाच चहा पुन्हा गरम करून उभ्या-उभ्या पिते. आम्ही तिला त्यावरून चिडवतो.

मुलीच्या लग्नात ही आई उशिरा पोहोचते. तिला आणायची आठवण कुणालाच राहिलेली नाही. वडील डीड्राला बरोबर घेऊन मिरवत आहेत. हातात भेटवस्तू धरून बेट्टी उभी आहे आणि नवरी, स्वप्न पुरे झालेली आपली म्युरिएल, तिच्या समोरून निघून जाते. तिला ती दिसतच नाही. मुद्दाम टाळले असते तरी एक वेळ चालले असते. मुद्दाम टाळायला आधी दिसावे लागते. पुढे काही दिवसांनी ही बाई दुकानातल्या नव्या चपला पायांत घालून, पैसे द्यायचे विसरून, तशीच बाहेर येते. मुलीने झगा चोरला तेव्हा वडिलांनी बिअर काढली होती. बायकोच्या चपलांचे प्रकरणही ते मिटवतात, आणि मग सांगतात की मी तुला सोडून डीड्राकडे चाललो आहे. त्यानंतर बेट्टी मरते. लोकांना सांगितले जाते, हृदयविकार. धाकटी बहीण जोनी म्युरिएलला खरे सांगते : झोपेच्या गोळ्या.

आणि मागचे अंगण जळून काळे पडलेले दिसते. गवत काप, गवत काप, म्हणून पोराला सांगितले. त्याने कापले नाही. शेवटी आईने त्याला काडी लावली. हा प्रसंग सिनेमात आपल्याला दाखवलेला नाही. आपण पाहतो ती काळी जमीन, आणि जोनी त्याची हकिगत सांगते ती ऐकतो. तिसऱ्यांदा पाहताना मी इथे सिनेमा थांबवला आणि लॅपटॉपचे झाकण लावून बसले. या बाईने आयुष्यात एकदा काहीतरी धडधडीत केले, रागाने केले, आणि त्या वेळी कॅमेरा तिथे हजर नव्हता! म्युरिएल सिडनीत कुठल्या कुठल्या दुकानांत शिरते तिथे कॅमेरा आहे, टानिया नवऱ्याच्या लफड्यावरून रडते तिथे कॅमेरा आहे. टानियासारख्या पोकळ मुलीलासुद्धा गळा काढायला एक प्रसंग मिळाला. बेट्टीला स्वतःविषयी असे फारसे बोलूच दिलेले नाही.

माझे म्हणणे असे की सिनेमाने बेट्टीशी तेच केले, जे हेस्लप कुटुंबाने केले. तिच्याकडून काम करून घेतले. पूर्वार्धात हसवण्याचे, उत्तरार्धात रडवण्याचे. म्युरिएलला जाग यायला कुणीतरी मरायला हवे होते, आणि त्या घरात मरायला मोकळी अशी एकच व्यक्ती होती.

यावर आमच्यात चांगलीच जुंपली. इंग्रजी साहित्य घेतलेली एक मैत्रीण म्हणाली, ‘अगं, तोच तर मुद्दा आहे! आधी तुम्हांला हसायला लावायचं आणि मग त्या हसण्याची लाज वाटायला लावायची. तुला लाज वाटली म्हणजे दिग्दर्शक जिंकला.’ हे उत्तर वजनदार आहे, मी नाकारत नाही. होगनने ही माणसे आपल्या घरातल्या माणसांवरून घेतल्याचे पुढे स्वतःच सांगितले आहे; तेव्हा हा निष्ठुरपणा परक्याचा नाही, हेही मान्य. पण मला लाज वाटली ती तिसऱ्या वेळी. पहिल्या वेळी अकरा जणींपैकी एकीलाही वाटली नाही. आई मेल्यावर दोघी-तिघींनी डोळे पुसले आणि दहा मिनिटांत, टॅक्सी निघाली तेव्हा, त्याच टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या. जी लाज वाटायला तीन खेळ लागतात, तिच्यावर दिग्दर्शकाचा हिशेब होता असे मी कसे मानू?

दुसरी म्हणाली, ‘विनोदी सिनेमात आईबापांची पात्रं तेवढीच असतात. त्यांची कसली बाजू मांडतेस?’ याला मात्र माझ्याजवळ उत्तर आहे, आणि तेही ऑस्ट्रेलियातलेच. बॅझ लर्मन याचा ‘स्ट्रिक्टली बॉलरूम’ हा सिनेमा १९९२ सालचा, म्हणजे ‘म्युरिएल’च्या दोनच वर्षे आधीचा. तोही प्रेमाचा आणि विनोदाचा. स्कॉट हा नृत्यस्पर्धांत नाचणारा मुलगा. नियमांबाहेरची पावले टाकतो म्हणून संघटनेचे अध्यक्ष त्याच्यावर डूख धरतात. फ्रॅन ही स्पॅनिश घरातली साधी मुलगी त्याची जोडीदार होते. त्यात स्कॉटचे वडील आहेत, डग. ते बेट्टीचे सख्खे भाऊ शोभावेत. घरात त्यांना कुणी विचारत नाही, बायको त्यांच्यावर खेकसते, ते खालमानेने वावरतात, आपण हसतो. पण लर्मन आपल्याला एक दृश्य दाखवतो : रात्री सगळे गेल्यावर हा माणूस एकटाच, कुणी पाहत नाही अशा जागी, नाचतो आहे. बस्स. अर्ध्या मिनिटात तो विदूषकाचा माणूस होतो. पुढे शेवटच्या स्पर्धेत अध्यक्ष संगीत बंद पाडतात, सभागृह गप्प होते, स्कॉट आणि फ्रॅन मध्येच उभे राहतात. तेव्हा गर्दीतून एका माणसाच्या टाळ्यांचा ठेका सुरू होतो. तो डग. त्या ठेक्यावर मुलगा नाचतो. मग डग बायकोकडे जाऊन तिला नाचायला बोलावतो. म्हणजे विनोदी सिनेमात बापाला जागा होती. आईला का नसावी?

गंमत अशी की नृत्यसंघटनेचे ते खलनायक अध्यक्ष आणि म्युरिएलचे वडील ही दोन्ही कामे बिल हंटर या एकाच नटाने केली आहेत. १९९४ सालच्याच ‘प्रिसिला, क्वीन ऑफ द डेझर्ट’ या गाजलेल्या सिनेमात तो पुन्हा आहे, पण तिथे एक मायाळू, भला माणूस म्हणून. ऑस्ट्रेलियन सिनेमाच्या त्या दोन-तीन वर्षांत हा मनुष्य जिकडे-तिकडे आहे. २०११ साली तो वारला. बिल हेस्लपलाही त्याने निव्वळ दुष्ट केलेला नाही. निवडणुकीत एकदा पडलेला, त्या पडण्याचा सूड घरातल्या माणसांवर उगवणारा, आतून भ्यालेला माणूस केला आहे. शेवटी रिकाम्या घरात मुलीपुढे उभा असताना तो ओशाळा दिसतो. पाहा, त्यालासुद्धा एक क्षण मिळाला.

हे सारे लिहूनही मी हा सिनेमा वाईट आहे असे म्हणणार नाही. उलट, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी जरूर पाहावा. सिडनीत २०१७ साली यावर संगीत नाटकही झाले, म्हणजे तिकडच्या लोकांच्या मनातून म्युरिएल गेलेली नाही. वाईट सिनेमाविरुद्ध मी एवढी शाई खर्च केली नसती. मैत्रीला लग्नाइतकी, लग्नाहून मोठी जागा देणारे सिनेमे कितीसे आहेत? आमच्या खोलीतल्या मुली दोन वर्षांनी कुठे असतील ठाऊक नाही; परंतु आजारी पडलेल्या मैत्रिणीला टाकून लग्नाला उभी राहिलेली मुलगी पाहून आम्ही सगळ्याच चमकलो, आणि ती परत आली तेव्हा सगळ्यांनाच हायसे वाटले, हे खरे आहे. त्या रात्री दोघींनी एकमेकींना काही वचनेही देऊन टाकली. पाळणे न पाळणे पुढचे पुढे.

माझी मागणी फार नव्हती. बेट्टीला जगवा, असेही मी म्हणत नाही. अंगणाला काडी लावताना ती कशी दिसत होती, एवढे एकदा पाहायचे होते.

परवा हा लेख लिहून झाल्यावर मी तो इंग्रजीवाल्या मैत्रिणीला वाचायला दिला. तिने वाचला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि म्हणाली, ‘म्हणजे तुझं म्हणणं, शेवटी आईनं पण टॅक्सीत बसायला हवं होतं?’

मी म्हटले, ‘पुढं ड्रायव्हरशेजारी जागा होती की.’

ती हसली. मेस नऊला बंद होते, म्हणून आम्ही खाली जेवायला गेलो.